मला गाव लागतं

मला गाडी लागते. एखाद्या शिंप्याने किंवा पुजाऱ्याने हे सांगितलं तर ऐकणारा सहानुभूतीने आवळासुपारीची डबी पुढे करील. माझी सारी नोकरी मात्र एसटी स्टँडवर गेली, आधी सातारला आणि मग सांगलीला. धुरात उभा राहून मी इतरांना गावोगाव धाडलं. स्वतः गाडीत बसलो की पहिल्याच वळणाला डोकं खिडकीबाहेर. आमचे ड्रायव्हर सर्जेराव म्हणत, "कंट्रोलरचं बेस हाय. गाडी हलती आन् ह्यो जाग्यावर ऱ्हातो."

ज्यांनी आमचं काम जवळून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. कंट्रोलर म्हणजे फलाटाच्या टोकाच्या खोपटात बसणारा माणूस. कुठली गाडी आली, कुठली वाटेत बसली, कुठला कंडक्टर ताप आला म्हणून घरी निजला, हे त्याला ठाऊक असावं लागतं आणि त्यातलं काहीच त्याच्या ताब्यात नसतं. गाडी वेळेवर सुटली तर श्रेय ड्रायव्हरचं, उशिरा सुटली तर शिव्या कंट्रोलरला. साठीच्या दशकात आमच्या स्टँडच्या छताला नवा कर्णा बसला आणि गाड्या पुकारायचं काम माझ्याकडे आलं. मी पुस्तकं वाचतो एवढीच माझी लायकी. आवाज कुणी ऐकून पाहिला नव्हता.

मी ते काम फारच मनावर घेतलं. "प्रवाशांनी लक्ष द्यावे. खंडाळामार्गे शिरवळकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागत आहे." 'लागली' म्हणत नसे, कारण त्या शब्दाने माझ्याच पोटात ढवळायचं. घरचं 'हाय' आणि 'न्हाई' कर्ण्यातून बाहेर पडू नये म्हणून मी आरशासमोर सराव करायचो. सारं स्टँड जी भाषा बोलत होतं तीच माझ्या आईची भाषा. पण माईक हातात आला की मी शब्दकोशाच्या पोटातून बोलायचो. एकदा एक धनगर म्हातारा काखेत कोकरू घेऊन खिडकीशी आला.

"आवं साहेब, वर कोन बोलतंय?"

"मीच," मी जरा ताठ होऊन म्हणालो.

"मंग मराटीत सांगा की."

माझं नाव हैबती. आजोबांचं नाव. ते धिप्पाड होते म्हणतात. मी छत्रीच्या काडीसारखा. शाळेत मास्तरांनी हजेरी घेताना 'हैबती' पुकारलं आणि मी उभा राहिलो की वर्ग खुशीत यायचा. आईने ते नाव कधीच घेतलं नाही, कारण ते तिच्या सासऱ्याचं. ती मला आप्पा म्हणे. हे नावाचं प्रकरण पुढे कामाला येणार आहे म्हणून आत्ताच सांगून ठेवलं.

गाव कोयनेच्या खोऱ्यातलं, जांभूळशेत. गाडी गावापर्यंत कधीच जात नसे. ती डोंगराच्या माथ्यावर थांबे. तिथून खाली पायवाटेने उतरायचं. पण गाडीच्या कपाळावरच्या पाटीवर नाव मात्र आमच्या गावाचं होतं : सातारा – जांभूळशेत.

मग धरण झालं, पाणी चढलं, गाव बुडालं. हे मी इतक्या थोडक्यात लिहू शकतो, कारण मी तिथे नव्हतो. लहानपणीच शिकायला सातारच्या वसतिगृहात आलो होतो. सुट्टीत गावी गेलो की दुसऱ्याच दिवशी कंटाळायचो. वाचायला काही नसे आणि पावसात अंगणापलीकडे जाता येत नसे. गाव सोडलं ते माझ्या वडिलांनी, आबांनी. वासे, कौलं, जातं, दोन म्हशी आणि आई ट्रकमध्ये घालून ते सांगलीच्या पूर्वेला, सरकारने दाखवलेल्या माळावर गेले. त्यांचं घर, शेत, देव, स्मशान, सगळं गेलं. माझा फक्त सुट्टीतला कंटाळा गेला.

आणि शोक करायला बसलो मी.

त्याचीही एक रीत असते. मी फणसाच्या झाडाबद्दल बोलू लागलो. चहा पिताना देवराईचा विषय काढू लागलो. कुणी "गाव कोणतं?" विचारलं की आधी एक सुस्कारा टाकायचा, मग म्हणायचं, "होतं." विचारणारा बिचारा फक्त गाडी येईपर्यंत वेळ काढायचा म्हणून विचारत असे. पाऊस पडू लागला की मी तो आमच्या खोऱ्यातल्या पावसाशी ताडून पाहायचो आणि सातारच्या पावसाला नापास करायचो. सर्जेराव म्हणाले, "ह्येला गाव लागलंया. गाडी लागल्यावर वकून मोकळं व्हतंय मानूस. ह्येचं काय करायचं?"

गाव बुडालं तरी गाडी चालूच होती. माथ्याभोवतीच्या वाड्यांची माणसं तिने येत-जात. पाटी बदलावी हे कुणाला सुचलं नाही, आणि मला सुचलं असतं तरी मी सांगितलं नसतं. त्या गाडीसाठी मी राखीव आवाज ठेवला होता. शिरवळची, वाईची गाडी मी सांगायचो. जांभूळशेतची गाडी मी म्हणायचो. वाटेतल्या खिंडी, ओढे, एक मोडकं देऊळ, सगळं त्यात यायचं. गाडी सुटून जाई तरी माझं चालूच. एका दुपारी भरात येऊन तोंडून निघून गेलं, "जांभूळशेतची गाडी लागली हाय!" सारं स्टँड हसलं. मी माईक बंद करून खोपटात दडून बसलो. सर्जेराव खिडकीशी येऊन म्हणाले, "आज पैल्यांदा आवाज तुमचा वाटला, कंट्रोलर."

या सगळ्यात न हसणारा एकच माणूस होता, सिद्धार्थ पेंटर. गाड्यांच्या पाट्या रंगवायचं काम त्याचं. खंडाळ्याकडचा. छप्पन सालानंतर त्याच्या घराने बौद्ध धम्म घेतला, तेव्हा आईबापांनी ठेवलेलं 'दगडू' हे नाव त्याने स्वतःच पुसून टाकलं होतं. अक्षर असं की पाटी चिखलात लडबडली तरी नाव वाचता यावं. मी त्याच्याशेजारी उभा राहून फणस, देवराई, नदी असं माझं नेहमीचं पारायण केलं आणि विचारलं, "पेंटर, तुला नाही का रे गाव लागत?"

ब्रश न थांबवता तो म्हणाला, "न्हाई. आमी गावाला लागायचो."

मला कळायला वेळ लागला.

"आमची सावली लागायची, हात लागायचा, आमचा पोहरा लागला की हीर बाटायची. आमास्नी गाव लागायला सवड कुठं मिळाली? तुमच्या गावात आमच्या लोकांची घरं कुठल्या अंगाला व्हती?"

"नदीच्या अंगाला. खाली."

"मंग पैल्यांदा तीच बुडाली असत्याल," तो म्हणाला आणि अक्षराला शेवटचा फराटा देऊन वळला. "चला, च्या पाजा. गाव लागल्यावर च्यानं बरं वाटतं."

त्या चहात साखर होती की नाही हे मला आठवत नाही. इतकी वर्षं मी गावाचं वर्णन करत होतो. झाडं मोजून सांगत होतो. ती घरं त्यात एकदाही आली नव्हती.

शहाणा माणूस एवढ्यावर थांबला असता. पण मग शिरवळचे एक गृहस्थ आले.

निवृत्त, धोतर-कोटातले, सोबत पत्नी, मेहुणी आणि फिरकीचा तांब्या. मी त्या दिवशी "कोयनाकाठच्या निसर्गरम्य जांभूळशेतकडे" असं काहीसं पुकारलं होतं. ते खिडकीशी आले.

"तिथे मुक्कामाची सोय आहे का हो?"

"धर्मशाळा आहे," मी लगेच म्हणालो. "देवळाला लागूनच. स्वच्छ आहे."

आता पाहा, यात खोटं काही नव्हतं. धर्मशाळा होतीच. अजूनही असेल, खाली. मी ते इतक्या सहज बोलून गेलो की गाडी सुटल्यावर अर्धा चहा पोटात गेला तेव्हा मला घाम फुटला. दुसऱ्या दिवशी तिघंही परतले. रात्र त्यांनी माथ्यावर एका गवळ्याच्या गोठ्यात काढली होती. मेहुणीबाईंच्या लुगड्याला शेणाचा वास होता आणि तांब्याला पोचा आला होता.

"धर्मशाळा पाहिली!" गृहस्थ सगळ्या फलाटाला ऐकू जाईल असं ओरडले. त्यांना कर्ण्याची गरज नव्हती. "वरून पाहिली! तुम्ही काय आम्हाला जलसमाधी घ्यायला पाठवलं होतं?"

डेपोच्या साहेबांनी मला बोलावलं. साहेब रागावले असते तर बरं झालं असतं. ते दयेने बोलले. "हैबतराव, जिथे जाता येत नाही अशा गावाची गाडी आपण सोडत नाही. पाटी बदला. 'सातारा – माथा'. आणि पुकारायचंही तेवढंच."

मी मान डोलावली आणि खोपटात येऊन पळवाट काढली. "माथा, म्हणजेच पूर्वाश्रमीचे जांभूळशेत, येथे जाणारी गाडी..." संन्याशाला लावावा तसा 'पूर्वाश्रमीचे' हा शब्द मी गावाला लावला आणि स्वतःवर बेहद्द खूश झालो. पेंटरला म्हणालो, "पाटी जरा राहू दे रे." तो म्हणाला, "साहेबास्नी सांगतो, पांढरा रंग संपलाय."

पांढरा रंग असा संपलेला असताना आबांचा निरोप आला. एका कंडक्टरने तोंडी आणला : "म्हाताऱ्यानं बलिवलंय. म्हनला, गाडी लागती ही सबब सांगू नगंस."

कराडपर्यंतचं अंतर मी लिंबू हुंगत काढलं. आष्टा आलं तेव्हा माझ्या पोटात काही उरलं नव्हतं आणि खिडकीकडच्या सगळ्या बायका माझ्याकडे पाठ करून बसल्या होत्या. सांगलीहून दुसरी गाडी, मग एका फाट्यावर उतरून चाल. ढग त्या मुलखात दिसतात, पण उतरत नाहीत.

आबांनी तिथे पहिल्या वर्षी जे घर बांधलं त्याची कथा मला ठाऊक होती. खोऱ्यातून आणलेल्या वाशांवर त्यांनी तसंच छप्पर चढवलं होतं : भरपूर उतार, पाणी झटक्यात निसटून जावं म्हणून. त्या माळावर पाऊस निसटून जाण्याची व्यवस्था करणारा पहिला माणूस माझा बाप. आसपासची माणसं बघायला यायची. शेजारचा बिरू, पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखणाऱ्या घरातला, आबांना म्हणाला होता, "पावनं, पान्याला येवडी घसरगुंडी केलीसा, पर त्ये वर चढनार कुठनं?" कोयनेची माणसं आली म्हणजे मागोमाग त्यांचा पाऊसही येईल, अशीही काही भाबड्यांना आशा होती. त्या बाबतीत आमच्या लोकांनी घोर निराशा केली.

मी मनात ते छप्पर पाहतच चाललो होतो. जांभूळशेतचं तेवढंच एक पाण्यावर उरलं होतं ना! जाऊन पाहतो तर छप्पर नाही. सपाट मातीचं धाबं, आणि त्यावर आबा आणि बिरू तंबाखू मळत बसलेले.

"आबा, छप्पर?"

"काढलं. वारं लय हाय हितं, कवा उचलून नेईल नेम न्हाई. आता संध्याकाळचं वर येऊन बसतो. तिकडं छपरावर कवा बसलो व्हतो का?"

"पण ते आपल्या गावचं होतं."

"व्हय, आन् तिकडं माजं गुडघं धरायचं. बारा म्हैनं वल. हितं सुकलं बघ." आबांनी गुडघा वाकवून, सरळ करून दाखवला. साठी ओलांडलेला माणूस उकिडवा बसून टुणकन् उठला. "तुज्या आईला बी दमा न्हाई आता. तू का तोंड पाडलंयस?"

बिरू म्हणाला, "मास्तर हायती व्हय हे?"

"न्हाई, गाड्या बलिवतोय," आबा म्हणाले.

 ज्याच्या वतीने मी एवढा शोक करत होतो त्या माणसाने तो कधीच आटोपला होता आणि मला कळवायचं राहून गेलं होतं.

आई भाकऱ्या घेऊन वर आली तेव्हा आबांनी मूळ विषय काढला. वस्तीपर्यंत आता सांगलीहून गाडी येणार होती. पाटीवर काय लिहायचं, असं विचारून गेले होते. वस्तीला नाव नव्हतं. कागदावर नुसती 'वसाहत'. आसपासचे लोक 'बुडक्यांची वस्ती' म्हणायचे. नाव ठरलं नाही तर पाटीवर तेच चढलं असतं, आणि एकदा पाटीवर चढलेलं नाव उतरत नाही हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

"वस्तीतली नातवंडं साळंत गेली की पोरं त्यास्नी बुडकी म्हंत्यात," आबा म्हणाले. "जल्मभर म्हंतील."

"मग जांभूळशेत लिहा की!" मी म्हणालो. मला वाटलं, यासाठीच बोलावलं होतं.

"कसं लिवायचं? तू तिकडं रोज हाळी देतुयास."

"त्याचं काय?"

आबांनी तंबाखू थुंकली. "तुजं नाव हैबती कवा ठिवलं?"

"आजोबा गेल्यावर."

"आन् ते जित्तं असतं तर?"

"दुसरं ठेवलं असतं."

"जित्त्याचं नाव पोराला देत्यात का?" आबा म्हणाले. "आदी मानूस जातो. त्येचं दिवस घालायचं. मग नाव मोकळं व्हतं, मग त्ये पाळन्यात घालायचं. आमी सगळ्यांनी दिवस घालून झालं रं आप्पा. तू येकला तिकडं त्येला तोंडात पानी घालत बसलायस. त्येला जाऊ दे की. मग हितं नाव ठिवू."

 आई माझ्या भाकरीवर लोणी ठेवत म्हणाली, "खा आप्पा. जाताना परत सगळं बाहीर पडायचंच हाय."

सातारला आल्यावर मी पेंटरला गाठलं. "पांढरा रंग आला का?"

"कवाच आलाय," तो म्हणाला.

पाटी खाली उतरवून त्याने चिंधी टर्पेंटाइनमध्ये बुडवली. मी त्याला आबांचं म्हणणं सांगितलं. तो ऐकत होता आणि पुसत होता. 'शेत' गेलं, मग 'भूळ' गेलं. 'जां' राहिला तेव्हा त्याचा हात थांबला.

"नव्या वस्तीत आमच्या लोकांची घरं कुठल्या अंगाला हायत?"

"एकाच ओळीत आहेत सगळी. चिठ्ठ्या टाकून जागा दिल्या. आबांच्या डाव्या हाताला..."

"आन् हीर?"

"तीन खणल्या. पाणी एकीलाच लागलं. सगळे तिथेच भरतात. कुरकुरत भरतात, पण भरतात."

तो थोडा हसला. "पानी येकीलाच लागलं, ते बरं झालं. मंग ठिवा नाव." आणि त्याने 'जां' पुसला.

त्या दुपारी मी पुकारलं, "माथ्याकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर लागत आहे." मला वाटलं होतं स्टँड क्षणभर स्तब्ध होईल. एका बाईने शेंगा सोलत विचारलं, मुतारी कुठं हाय. बस्स. मी तिला दाखवली.

मी सांगलीला बदली मागून घेतली. वस्तीची गाडी सुरू होणार त्या सकाळी आबा फाट्यावरून दुसऱ्या गाडीने मुद्दाम सांगलीला आले, नव्या गाडीत बसून घरी जायला. डोक्याला नवा पटका. बरोबर बिरू, आणि बिरूच्या खांद्यावर विनाकारण एक घोंगडं. दोघं कर्ण्याखाली मान वर करून उभे राहिले, आभाळाकडे पाहावं तसे.

मी घसा साफ केला. इतक्या वर्षांचा सराव पणाला लावला. "प्रवाशांनी लक्ष द्यावे. जांभूळशेतकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर लागत आहे."

खालून आबांचा आवाज आला, कर्ण्याहून मोठा :

"आरं, लागली हाय म्हन की!"

सगळं स्टँड माझ्या खोपटाकडे बघू लागलं. मी माईक धरून बसलो होतो. बिरूने आबांना विचारलं, "काय म्हनला त्यो?" आबा म्हणाले, "थांब, सांगंल आता."

"जांभूळशेतची गाडी," मी म्हणालो, "लागली हाय. चला, बसा."

या वेळी कुणी हसलं नाही. पूर्वेकडची सगळी माणसं गाठोडी उचलून नुसती पळत सुटली. जागा धरायची होती. आबांनी जाताना खिडकीकडे पाहिलंसुद्धा नाही. आपल्या गावच्या गाडीत बसणाऱ्या माणसाने कशाला पाहावं?

आबा गेले त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. तो निरोपही कंडक्टरच घेऊन आला. मी खोपट दुसऱ्याच्या हवाली केलं आणि त्याच गाडीत चढलो. बाहेरच्या टपरीवाल्याने न विचारता माझ्या हातात लिंबू दिलं. तिकीट फाडत कंडक्टर जवळ आला. नवा होता, मला ओळखत नव्हता.

"कुठलं देऊ?"

"गावाचं," मी म्हणालो.

गाडीत वीस-पंचवीस गावांची माणसं होती. त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं, पुढच्या बाकावरच्या बिरूच्या भावाकडे पाहिलं. भाऊ म्हणाला, "जांभूळशेत." कंडक्टरने तिकीट दिलं.

साऱ्या वाटेत मला गाडी लागली नाही. गाव लागायचं थांबलं म्हणून गाडीही लागायची थांबली, असं लिहिलं तर लेखाचा शेवट साजरा होईल. खरं कारण एवढंच, की निरोप आल्यापासून मी काही खाल्लं नव्हतं. बाहेर पडायला पोटात काही नव्हतंच. संध्याकाळी सगळं उरकल्यावर आमच्या चुलीत विस्तव नव्हता. बिरूच्या घरून भाकरी आणि पिठलं आलं. बिरूने माझ्या मुठीतलं लिंबू काढून घेतलं, कापलं, पिठल्यावर पिळलं आणि ताट पुढे सारलं.

"खावा," तो म्हणाला. "आता कुठं गाडीत बसायचंय?"